एस्टीमचे इंजिन आणि दीड लाखांचा हिशेब: ट्रॅक डेसाठी गाडी तयार करण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यात मोटारगाड्यांसाठी कायमस्वरूपी शर्यतीचा ट्रॅक नाही. गो-कार्ट चालवता येते, पण स्वतःची गाडी पूर्ण वेगाने आणि कायद्याच्या चौकटीत राहून चालवायची असेल, तर राज्याबाहेर जावे लागते. कोइंबतूरजवळचा 2.1 किलोमीटर लांबीचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील 3.7 किलोमीटरचा ट्रॅक आणि ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट हे त्यासाठीचे परिचित पर्याय आहेत. यांपैकी कोइंबतूर गोव्यातून त्यातल्या त्यात आवाक्यात येते. राष्ट्रीय महामार्ग 66 ने कारवार, मंगळूर, कोझिकोड आणि पुढे पालक्काडवरून गाडी स्वतः चालवत नेता येते, मात्र संपूर्ण दिवस प्रवासात जातो. प्रस्तुत प्रकरणातील बहुतेक निर्णयांवर या अंतराची सावली आहे, कारण ट्रॅकवर इंजिन बिघडले तर गाडी परत आणण्याचा खर्च दुरुस्तीच्या खर्चाएवढाच होऊ शकतो.

प्रकरणातील गाडीमालक फोंडा तालुक्यातील असून एका औषध कंपनीत उत्पादन विभागात काम करतो. त्याची ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील येथे दिलेले नाहीत. गाडी 2004 सालची मारुती एस्टीम, मूळची त्याच्या मामांची. एस्टीम 1994 साली बाजारात आली आणि पुढे तिला सोळा व्हॉल्व्हचे, पेट्रोल इंजेक्शनचे 1298 सीसीचे इंजिन मिळाले, ज्याची कंपनीने सांगितलेली ताकद 85 अश्वशक्ती होती. गाडीचे वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास आहे. आजच्या हॅचबॅकच्या तुलनेत ती हलकी आहे, सुटे भाग अजून मिळतात आणि जुन्या मेस्त्रींना तिचे इंजिन पाठ असते. कमी पैशात ट्रॅकवर जाऊ पाहणाऱ्याने हीच गाडी निवडावी यात नवल नाही.

गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर, म्हणजे 2019 साली, पाच वर्षांसाठी नूतनीकृत झालेली होती. पुढचे नूतनीकरण 2024 साली येणार होते. काम सुरू झाले 2023 च्या पावसाळ्यात. गोव्यात पावसाळ्यात हौशी गाड्या बहुधा झाकूनच ठेवलेल्या असतात, त्यामुळे गॅरेजही त्या मानाने मोकळे असते.

प्रश्न

मालकाकडे दीड लाख रुपये होते आणि येत्या हिवाळ्यात ट्रॅकवर जायचे होते. आपल्यासमोरचा प्रश्न त्याने सुरुवातीला असा मांडला होता: दीड लाखात जास्तीत जास्त किती अश्वशक्ती वाढेल?

प्रश्न असा मांडला की उत्तरही त्याच मापाने येते. त्याने तीन ठिकाणी विचारणा केली आणि तिन्हीकडून सुट्या भागांची यादी मिळाली. गाडी सध्या कोणत्या अवस्थेत आहे, हे एकानेही विचारले नाही. त्यातल्या एका यादीतील कॅमशाफ्टसाठी (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा) आगाऊ रक्कम देण्याच्या तो बेतात होता. ती देण्यापूर्वी त्याने गाडी कुंडईच्या बाजूला काम करणाऱ्या एका वयस्क मेस्त्रीकडे नेली. मामांच्या काळापासून गाडी त्यांच्याच हाताखालून गेलेली होती. मेस्त्रींनी यादी वाचली आणि एवढेच म्हटले, “आधी श्वास कुठून सुटतो ते बघूया, छाती फुगवायचे मग बघ.”

पुढच्या सगळ्या कामाचा क्रम या एका वाक्याने उलटा झाला. अर्थात, मालकाने ते वाक्य मनावर घेतले म्हणून. आगाऊ रक्कम त्या दिवशीच देऊन टाकलेली असती, तर हे प्रकरण निराळ्या दिशेने गेले असते असे मानायला जागा आहे, कारण घेतलेला भाग बसवलाच पाहिजे ही ओढ हौशी माणसाला आवरत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय इंजिनच बदलण्याचा होता. जुन्या मारुती बलेनोचे 1590 सीसीचे इंजिन सुझुकीच्या त्याच कुटुंबातले असल्यामुळे ते एस्टीममध्ये बसवल्याची उदाहरणे भारतात बरीच आहेत. त्या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, 90 मिलिमीटर, तर एस्टीमच्या इंजिनाचा 75.5 मिलिमीटर, त्यामुळे इंजिन कमी फेऱ्यांवर फिरत असताना ओढ लक्षणीय वाढते. शिखरावरची ताकद मात्र 94 अश्वशक्तीच्या आसपासच राहते. म्हणजे एवढा खटाटोप करून कागदावर मिळणार नऊ अश्वशक्ती. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली हीच भूमिका अधोरेखित केली. इंजिन क्रमांक आणि क्षमता नोंदणी प्रमाणपत्रावरच असतात. वर्षभरात नूतनीकरणासाठी तपासणीला उभी राहणार असलेली गाडी रस्त्यावरून चालवत कोइंबतूरला न्यायची असल्याने हा पर्याय लगेच बाद झाला. गाडी ट्रेलरवर नेणाऱ्याचे गणित वेगळे असू शकते.

दुसरा पर्याय टर्बोचा. त्यावर फार वेळ गेला नाही. टर्बो, इंटरकूलर, मोठे इंजेक्टर आणि स्वतंत्र ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) धरला तर खर्च बजेटच्या बाहेर जात होता, आणि वीस वर्षांच्या पिस्टनांवर वाढीव दाब टाकण्याची जोखीम वेगळीच.

तिसरा पर्याय सर्वांत मोहक होता: व्हॉल्व्ह जास्त उंच (लिफ्ट) आणि जास्त वेळ (ड्युरेशन) उघडणारा कॅमशाफ्ट, सोबत स्वतंत्र ईसीयू आणि ट्यूनिंग. या इंजिनात आत येणाऱ्या हवेचा अंदाज इनटेक मॅनिफोल्डमधील, म्हणजे हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्यांमधील, दाब मोजणाऱ्या सेन्सरवरून बांधला जातो. कॅमशाफ्टचे ड्युरेशन वाढले की इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढतो, मॅनिफोल्डमधील निर्वात ढासळतो आणि मूळ ईसीयू त्या दाबाचा अर्थ ‘ॲक्सिलरेटर दाबलेला आहे’ असा लावतो. परिणामी आयडलिंगला पेट्रोल जास्त पडते आणि गाडी धडधडत राहते. म्हणून कॅमशाफ्ट एकटा घेऊन भागत नाही. त्याच्यामागून ईसीयू येतो, ईसीयूमागून वायरिंग आणि त्यामागून ट्यूनरचा दिवसभराचा वेळ. ट्यूनरच्या मते या पिढीच्या मूळ ईसीयूचा नकाशा, म्हणजे इंधन आणि ठिणगीचा तक्ता, आजच्या गाड्यांसारखा लॅपटॉप जोडून बदलता येण्याजोगा नाही. एकूण अंदाज सव्वा लाखापर्यंत गेला. म्हणजे ब्रेक, टायर आणि रेडिएटरसाठी हातात पंचवीस हजार.

चौथा पर्याय किरकोळ वाटणाऱ्या कामांचा होता: 4-2-1 पद्धतीचा एक्झॉस्ट हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच), थंड हवा घेणारा इनटेक, गरज पडल्यास हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचे, फेसिंग (घासून सपाट करणे) करून थोडे वाढीव कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), आणि उरलेला पैसा गाडी तापू नये व थांबावी यासाठी.

इंजिनाला हात न लावता फक्त वजन कमी करण्याची सूचनाही पुढे आली होती. चालकासह गाडीचे वजन साडेनऊशे किलो धरले तर आठ अश्वशक्ती वाढवणे आणि सुमारे ऐंशी किलो कमी करणे यांचा ताकद-वजन गुणोत्तरावर होणारा परिणाम जवळपास सारखाच असतो. वजन कमी झाल्याचा फायदा ब्रेक आणि टायर यांनाही मिळतो, अश्वशक्तीचा मिळत नाही. मागचे आसन, स्टेपनी, जॅक आणि डिकीतला पसारा ट्रॅकवर पोचल्यावर काढून ठेवायचे ठरले. एअर कंडिशनर काढण्याचा प्रस्ताव मालकाने फेटाळला. किनाऱ्याने दिवसभर गाडी चालवत जायचे आहे हे लक्षात घेता त्याला दोष देता येणार नाही.

आधी तपासणी

मेस्त्रींनी सर्वप्रथम इंजिन गरम करून कॉम्प्रेशन मोजले. तीन सिलिंडर एकमेकांच्या जवळपास होते, पण तिसऱ्या क्रमांकाचा सिलिंडर त्यांच्यापेक्षा दीड किलोने कमी भरला. या इंजिनात दोन सिलिंडरांमधील फरक चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा जास्त चालत नाही. गाडी रस्त्यावर नीट चालत होती, प्लग ठीक होते, धूर नव्हता. रोजच्या वापरात हा दोष कधी कळलाही नसता.

मग त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजणी केली. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतील तर ऑइल त्यांच्याभोवतीची फट तात्पुरती बुजवते आणि आकडा चढतो. येथे आकडा जागचा हलला नाही. शंका व्हॉल्व्हवर गेली. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, गाडी गियरमध्ये ठेवून, कंप्रेसरची हवा प्लगच्या छिद्रातून आत सोडण्यात आली. ऑइल भरण्याच्या तोंडाशी कान लावला तर आवाज नव्हता, रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते, थ्रॉटलकडेही काही ऐकू आले नाही. मालकाला मेस्त्रींनी मागे पाठवले. सायलेन्सरच्या नळीशी वाकल्यावर त्याला सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तशी बारीक सततची सुरसुर ऐकू आली. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे तो मिटतो त्या कडेवर, नीट बसत नव्हता.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटच्या द्वारेच हेडमध्ये सोडतो. सीटशी संपर्क अपुरा असेल तर व्हॉल्व्हची कड तापत जाते आणि सलग पूर्ण ॲक्सिलरेटरवर चालवल्यास ती जळून तुटण्याचा धोका असतो. म्हणजे कॅमशाफ्ट आणि ईसीयू बसवून ही गाडी ट्रॅकवर गेली असती, तर वाढलेल्या ताकदीने हाच व्हॉल्व्ह आधी संपवला असता, तोही घरापासून दिवसभराच्या अंतरावर. या तपासणीला अर्धा दिवस लागला आणि खर्च चहापाण्याएवढा झाला.

त्याच दिवशी रेडिएटरचे झाकण उघडले तेव्हा आत कूलंटऐवजी तांबूस पाणी दिसले. कधीतरी गळतीच्या वेळी नळाचे पाणी भरले गेले आणि तेच वर्षानुवर्षे फिरत राहिले, हे आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचे नेहमीचे दुखणे आहे. ब्रेक ऑइल गडद झालेले होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट 3 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा मुरल्यावर तो 140 अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. कोकणपट्टीच्या दमट हवेत ही घसरण लवकर होते.

पहिला निर्णय: हेड उघडल्यावर काय करायचे

व्हॉल्व्हसाठी हेड काढावेच लागणार होते, त्यामुळे पर्यायांचे वजन बदलले. एरवी हेड उतरवण्याची मजुरी, गॅस्केट आणि टायमिंग बेल्ट यांचा खर्च कोणत्याही सुधारणेच्या माथी पडला असता. आता तो दुरुस्तीचा भाग झाला. मालकाचा साहजिक प्रश्न होता की हेड निघालेच आहे, तर फेसिंग करताना अर्धा मिलिमीटर जास्त घासून कॉम्प्रेशन का वाढवू नये?

यावर दोन दिवस चर्चा झाली. बाजूने मुद्दा असा की कॉम्प्रेशन वाढवल्याने सर्व फेऱ्यांवर थोडा थोडा फायदा होतो आणि खर्च शून्य. विरोधात तीन मुद्दे होते. एक, ट्रॅकवर इंजिन सलग तापलेले राहते आणि साध्या 91 ऑक्टेनच्या पेट्रोलवर नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटण्याची) शक्यता वाढते. इग्निशनचा नकाशा आपल्या हातात नसताना ती रोखण्याचा सोपा मार्ग उरत नाही. दोन, हेड घासले की कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्टमधील अंतर कमी होते आणि बेल्टने चालणाऱ्या कॅमचे टायमिंग किंचित मागे पडते, जे दुरुस्त करण्यासाठी समायोज्य पुली लागते. तीन, घासलेला धातू परत येत नाही, आणि पुढे कधी हेड तापून वाकले तर सरळ करण्यासाठी तो धातूच हवा असतो.

निर्णय असा झाला की हेड केवळ सपाट होईपर्यंतच घासायचे. सर्व व्हॉल्व्ह सीट तीन कोनांत कापून घेतल्या, दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे घातले, सर्व व्हॉल्व्ह सील बदलले. पोर्टमध्ये (हेडमधील हवा-धुराच्या वाटा) सीटच्या कडेला राहिलेली ओतकामाची धार आणि गॅस्केट व पोर्ट यांच्या तोंडांतील फरक एवढेच हाताने साफ केले. पोर्ट मोठे केले नाहीत. माझ्या मते एकूण कामातला हा सर्वांत समंजस निर्णय होता. मालकाला मात्र तो त्या वेळी पचनी पडलेला नव्हता.

दुसरा निर्णय: हेडर आणि इनटेक

हेडरसाठी 4-1 की 4-2-1 हा प्रश्न फार ताणला गेला नाही. चारही नळ्या एकदम एकत्र आणणारी रचना वरच्या फेऱ्यांवर जास्त देते; आधी जोड्या करून मग एकत्र आणणारी रचना मधल्या फेऱ्यांवर ओढ टिकवते. कारी ट्रॅक लहान आणि वळणांचा असल्याने वळणातून बाहेर पडतानाची ओढ महत्त्वाची होती. खरी काळजी दोन गोष्टींची घ्यावी लागली. धूर स्वच्छ करणारा मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर ठेवायचा, कारण पीयूसी आणि पुढच्या वर्षीची तपासणी त्यावर अवलंबून होती. आणि ऑक्सिजन सेन्सर जोडाच्या लगेच खाली बसेल अशी जागा वेल्ड करून घ्यायची. सेन्सर फार खाली गेला तर त्याला पुरेशी उष्णता मिळत नाही. त्याच्या आधीच्या जोडात बारीक गळती राहिली, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (इंधन कमी असलेले) वाटते आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. हेडर बसवल्यावर गाडी जास्त पिते अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हा जोड तपासावा.

इनटेकच्या बाबतीत मालकाच्या मनात उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर होता. आवाज सुरेख येतो, यात वाद नाही. मेस्त्रींच्या पुतण्याने बॉनेटखाली त्या जागी थर्मामीटर बांधून गाडी फोंडा ते मोले अशी फिरवली आणि परतीच्या रहदारीत तेथे साठ अंशांच्या वर तापमान नोंदले. बाहेर त्या वेळी तीसच्या आसपास होते. निरपेक्ष तापमानाच्या हिशेबाने तीस अंशांचा हा फरक हवेची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी कमी करतो. गाडी वेगात असताना फरक कमी होतो हे खरे, तरीही हेडरने मिळवलेले उघड्या फिल्टरने घालवण्याची ही सोय होती. म्हणून मूळ फिल्टर पेटी, नवा कागदी फिल्टर आणि हेडलाइटच्या मागून हवा घेणारी जाड नळी असे ठरले. नळीचे तोंड बंपरखाली नेले तर आणखी थंड हवा मिळाली असती, पण जून-जुलैत रस्त्यावर साचणाऱ्या पाण्यात गाडी घातल्यावर ते पाणी थेट सिलिंडरमध्ये जाण्याची भीती होती. गोव्यात चालणाऱ्या गाडीसाठी हा मुद्दा गौण नाही.

तिसरा निर्णय: ईसीयू घ्यायचा की आधी मोजायचे

ट्यूनरने पिगीबॅक ईसीयूचा, म्हणजे मूळ ईसीयूला जोडून त्याचे सिग्नल बदलणाऱ्या उपकरणाचा, आग्रह धरला होता. मालकाने त्याऐवजी हवा-इंधन प्रमाण नेमके मोजणारा वाइडबँड सेन्सर आणि मीटर विकत घेतले. मूळ ईसीयू साध्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे मिश्रण सतत सुधारत असतो, पण पूर्ण ॲक्सिलरेटरवर तो आधीच ठरलेल्या तक्त्यावर चालतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढले की हा प्रश्न उभा राहतो. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी हवा-इंधन प्रमाण 14.7 लागते, 10 टक्के इथेनॉलसाठी सुमारे 14.1 आणि 20 टक्क्यांसाठी सुमारे 13.5. म्हणजे इंजेक्टरने तेवढेच इंधन टाकले तर इथेनॉल वाढेल तसे मिश्रण पातळ पडते. 2022 च्या मध्यापर्यंत देशात 10 टक्क्यांचे प्रमाण गाठले गेले होते आणि फेब्रुवारी 2023 पासून निवडक पंपांवर 20 टक्क्यांचे पेट्रोल येऊ लागले होते. हेडरमुळे इंजिनाचा श्वास सुधारला तर त्यात आणखी भर पडणार.

मोजणीत पूर्ण ॲक्सिलरेटरवर मिश्रण पेट्रोलच्या मापाने 12.8 ते 13 च्या दरम्यान आले. नैसर्गिक श्वासाच्या इंजिनासाठी ते सुरक्षित होते. पिगीबॅकचे पैसे वाचले, आणि ते का वाचले याचा आकडा हातात राहिला.

उरलेली कामे आणि खर्च

हेड, व्हॉल्व्ह, गॅस्केट, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप मिळून सुमारे चौतीस हजार, नवा रेडिएटर, होज, थर्मोस्टॅट, झाकण, कूलंट मिळून सोळा, हेडर एकोणीस, वाइडबँड अठरा, ऑइल प्रेशर व तापमानाचे गेज सात, पुढचे ब्रेक पॅड आणि डॉट 4 ऑइल नऊ, चार टायर सतरा. एक लाख वीस हजारांवर काम थांबले. तीस हजार प्रवास, प्रवेश शुल्क आणि अडीअडचणीसाठी राखून ठेवले.

रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवण्याचे काम मालकाने स्वतः केले. समोरून आलेली हवा फटीतून निसटली तर मोठ्या रेडिएटरचाही उपयोग होत नाही. याला खर्च जवळपास नव्हता आणि तापमानावर त्याचा परिणाम गेजवर स्पष्ट दिसला.

एक काम मात्र मागे पडले. ऑइल चेंबर (इंजिनाखालची ऑइल साठवणारी टाकी) खाली उतरवलेले असताना त्यात आडवे पत्रे वेल्ड करून घ्यावेत, असे मेस्त्रींनी सुचवले होते. लांब वळणात ऑइल चेंबरच्या एका बाजूला सरकते, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. चतुर्थी तोंडावर आली होती, वेल्डिंगवाला गावी निघाला होता आणि मालकाला गाडी सणाला घरी हवी होती. चेंबर आहे तसेच परत बसले.

ट्रॅकवर काय झाले

डिसेंबरमध्ये गाडी विनातक्रार कोइंबतूरला पोचली. विम्याच्या बाबतीत मालकाने आधीच चौकशी केली होती: खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेग चाचणी यांना संरक्षण नसते. ट्रॅकवर जे होईल ते स्वतःच्या खिशातून, हे गृहीत धरूनच तो उतरला.

पहिल्या सत्रात तापमान स्थिर राहिले, ब्रेक शेवटपर्यंत ताठ राहिले. दुसऱ्या सत्रात टायर तापून पकड वाढली, वळणांतला वेग वाढला आणि एका लांब वळणाच्या उत्तरार्धात ऑइल प्रेशरचा काटा खाली कोसळून पुन्हा वर आला. पुढच्या फेरीतही त्याच जागी तेच. गाडीच्या मूळ लाल दिव्याने एकदाही सूचना दिली नाही, कारण तो दिवा दाब जवळपास संपल्यावरच पेटतो.

येथे मालकापुढे तीन वाटा होत्या. दिवस तेथेच संपवायचा. काटा न पाहता चालवत राहायचे. किंवा ऑइल थोडे वाढवून, त्या वळणात ॲक्सिलरेटर सोडून चालवायचे. त्याने फोनवर मेस्त्रींना विचारले. “अर्धा लिटर घाल, वळणात जीव सोड आणि दुपारनंतर गाडी बाजूला लाव,” असे उत्तर मिळाले. त्याने तसेच केले. अर्धा लिटर ऑइलने काट्याचे कोसळणे कमी झाले, थांबले नाही. शेवटचे सत्र त्याने सोडून दिले. ज्या सत्राचे पैसे भरले आहेत ते सोडणे सोपे नसते, आणि क्रँकच्या बेअरिंग शाबूत राहिल्या त्याचे श्रेय मला कोणत्याही सुट्या भागापेक्षा या निर्णयाला द्यावेसे वाटते.

परतल्यावर ऑइल फिल्टर कापून कागद उलगडून पाहिला. बेअरिंगच्या धातूची चमक दिसली नाही. चेंबर पुन्हा उतरवून आडवे पत्रे वेल्ड झाले. हेच काम पावसाळ्यात दोन हजारांच्या आत झाले असते. आता नवे गॅस्केट, नवे ऑइल आणि पुन्हा मजुरी धरून त्याच्या तिप्पट लागले.

निष्पत्ती

2024 साली नोंदणीचे नूतनीकरण अडथळ्याविना झाले; त्यासाठी एप्रिल 2022 पासून लागू झालेले आणि त्या वेळी चालू असलेले पाच हजारांचे शुल्क भरावे लागले. त्यानंतरच्या हिवाळ्यात गाडी पुन्हा त्याच ट्रॅकवर गेली. ऑइल प्रेशर त्या वळणातही टिकून राहिले, सर्व सत्रे पूर्ण झाली आणि मालकाची सर्वोत्तम फेरी पहिल्या खेपेपेक्षा सुमारे दोन सेकंदांनी जलद झाली. दरम्यान इंजिनात ताकद वाढवणारा एकही भाग बसवलेला नव्हता. या दोन सेकंदांत चालकाचा सराव किती आणि काट्याकडे न पाहता वळण घेता येण्याचा आत्मविश्वास किती, हे वेगळे काढता येत नाही. हेडर आणि हेडच्या कामाने नेमकी किती अश्वशक्ती वाढली हेही मोजलेले नाही, कारण आधीचा डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आकडाच नव्हता. एका मोजणीचा खर्च वाचवला गेला आणि तुलनेचा आधार कायमचा गेला.

काय वेगळे करता आले असते

चेंबरचे पत्रे हा सर्वांत उघड मुद्दा आहे, पण त्यामागचे कारण अधिक विचार करण्यासारखे आहे. यादीतल्या प्रत्येक कामाला किंमत लिहिलेली होती. ते काम टाळल्यास काय बिघडेल आणि ते दुरुस्त करायला किती लागेल, हा रकाना नव्हता. तो असता तर दोन हजारांचे पत्रे हेडरच्या कितीतरी वर गेले असते आणि वेल्डिंगवाल्यासाठी चतुर्थीनंतर चार दिवस थांबण्याइतका वेळ हातात होता.

हेडर पहिल्याच वर्षी घ्यायला हवा होता का, याबद्दल मेस्त्री आणि मालक यांचे अजून एकमत नाही. मेस्त्रींचे म्हणणे असे की मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरच पहिला दिवस काढला असता, तर एकोणीस हजारांत चांगले टायर आणि चेंबर दोन्ही झाले असते. मालकाचे म्हणणे असे की सगळा पैसा न दिसणाऱ्या कामांत गेला असता तर त्याचा उत्साहच टिकला नसता. हौसेच्या गाडीत हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ म्हणता येत नाही.

कॅमशाफ्टचा विषय मालकाने पुन्हा काढला आहे. त्याआधी मिश्रण नव्याने मोजायचे ठरले आहे. पंपांवर आता सर्रास 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि पूर्ण ॲक्सिलरेटरवरचा आकडा 13 च्या पुढे गेला असेल, तर ईसीयूचा खर्च कॅमशाफ्ट असो वा नसो करावाच लागेल. त्याच वेळी इंधनाच्या रबरी नळ्याही बदलायच्या आहेत. कॅमशाफ्टचा निर्णय त्या मोजणीनंतर होईल.